हात आखडता

काल रात्री झोपच लागली नाही. कारण सांगायला गेलं तर एवढंसं. सुध्या फोनवर म्हणाला, "तू हल्ली मला शिव्या देत नाहीस." मग जेवलास का, पाऊस आहे का, असं काहीबाही बोलून त्याने फोन ठेवला.

त्याआधी मी त्यानेच पाठवलेला सिनेमा बघत बसलो होतो. 'अ‍ॅटोल के'. जाड्या-रड्याचा, म्हणजे हार्डी आणि लॉरेलचा, शेवटचा. बाकीचे आम्हा दोघांना तोंडपाठ आहेत, पण हा नको, असं न बोलता ठरलेलं होतं. आता त्याला बघावासा वाटला. का ते मला कळतं. त्याबद्दल आज नाही लिहायचं.

सुरुवातीलाच पोटात खड्डा पडला. वारशाच्या नोटांची चळत टेबलावर, आणि हा कर, ती फी म्हणत वकील ती डोळ्यांदेखत उचलून नेतात. प्रसंग चांगला आहे. पण माझं लक्ष सगळं रड्याच्या गालांवर. गालच उरलेले नाहीत. मान कॉलरच्या आत सुटी हलते, कोट खांद्यावरून लोंबतो. साठीचा माणूस ऐंशीचा दिसतो. बोटीच्या इंजिनाचे सुटे भाग जाड्या काढून देतो आणि रड्या ते जिथे ठेवतो तिथून एकेक घरंगळून समुद्रात जातो, तिथे खरं तर लोळायचं. मी मात्र पाहत होतो की हा माणूस उभा कसा राहिलाय.

बारा आठवड्यांचं काम म्हणून हे दोघे १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि जवळजवळ वर्षभर अडकले. पटकथा धड नाही, दिग्दर्शक फ्रेंच, प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलतोय. त्यात रड्याला मधुमेह, पोटाचं दुखणं, पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया. वजन ५२ किलोंच्या आसपास आलं. पुढे पुढे एका वेळी अर्धा-अर्धा तासच काम जमायचं म्हणतात. कुणी थांबवलं का नाही, असा राग आधी आला. मग तो राग कुठेतरी विरला आणि दुसराच प्रश्न मानगुटीवर बसला, तो अजून उतरत नाही.

जाड्याने हात आखडता घेतला का?

म्हणजे असं की, त्यांचं सगळं विनोदाचं काम ढकलाढकलीवर चालतं. हा चुकणार, तो खवळणार. हा रडणार, तो दरडावणार. समोरचा माणूस नुसता हाडांचा सापळा झालाय, सकाळी सलाईन काढून आणलाय की काय असं वाटतंय, आणि तरी कॅमेरा सुरू झाला की त्याला खेकसून ढकलायचं आहे. कसं केलं असेल? मी मागे नेऊन नेऊन तेच पाहत राहिलो. हात खाली येताना मध्येच कुठे मऊ होतो का. नजर कुठे चुकवतो का.

सगळे रड्याबद्दलच लिहितात. त्याचं वजन, त्याचं ऑपरेशन. बरोबरच आहे. पण परदेशात महिनोन् महिने जोडीदार उठून उभा राहायची वाट बघणारा तो दुसरा, त्याची स्वतःची तब्येत तरी कुठे ठणठणीत होती? त्याला कुणी विचारलं असेल, तू कसा आहेस? आजाऱ्याला भेटायला माणसं येतात, फळं आणतात. जोडीतल्या दुसऱ्याला फक्त "त्याचं कसं आहे" एवढंच विचारतात. जिन्यात, भाजीवाल्याकडे, मंडळात. मी सांगतो, बरं आहे. माझ्या घशाशी काय येतं ते कुणाला सांगू? वहिनींना तर नाहीच.

असो.

पडद्यावर हुकूम जाड्याचा, पण खरं डोकं रड्याचं. काम संपलं की जाड्या गोल्फला, आणि हा मागे राहून विनोद घडवणार, संकलनात बसणार. या सिनेमात बेटावर राज्य स्थापन होतं, कर नाही, कायदे नाहीत, पासपोर्ट नाही. जाड्या राष्ट्राध्यक्ष होतो, बाकीचे मंत्री, आणि रड्या जनता. एकटा. इथे मी हसलो. रात्री दीडला, मोठ्याने, आणि त्याच्या गालांचा विसर पडला. जाड्या त्याला नेहमीसारखाच वागवत होता म्हणून विसर पडला. कणव एकदा जरी त्या नजरेत दिसली असती तर मला पुढचं बघवलं नसतं. आणि रड्याला तर उभंच राहता आलं नसतं.

मग पहाटेपर्यंत वाचत बसलो. हा सिनेमा शेवटचा, पण दोघे तिथे संपले नाहीत. १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५३-५४ मध्ये ते ब्रिटनमधल्या नाट्यगृहांतून फिरले. आयर्लंडमध्ये कोव्ह बंदराला बोट लागली तेव्हा चर्चच्या घंटांवर त्यांचीच धून वाजली आणि दोघेही रडले. त्या दुसऱ्या दौऱ्यासाठी रड्याने जो प्रवेश लिहिला तो रुग्णालयातला आहे. आणि खाटेवर रड्या नाही. खाटेवर जाड्या, आणि रड्या त्याला भेटायला येतो! पॅरिसच्या त्या खोलीतून उठलेल्या माणसाने हे लिहिलं. मी उठून पाणी प्यायलो.

जाड्या १९५७ मध्ये गेला. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही म्हणून रड्याला अंत्यविधीला जाता आलं नाही. बेबला कळेल, म्हणाला. बेब म्हणजे जाड्याच. पुढे साडेसात वर्षं रड्या जगला, सिनेमात आला नाही, पण दोघांसाठी प्रसंग लिहीत राहिला. यावर मला काही लिहिता येत नाही.

सुध्या गणपतीत आमच्या जोडीचा प्रवेश करू या म्हणतोय. गेल्या आठवड्यापासून मी विषय टाळतोय, लोकांनी त्याला असं बघू नये म्हणून. सकाळी सातला फोन लावला. म्हटलं, दवाखान्याचा प्रवेश करू. मी खाटेवर, तू भेटायला येणारा. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "पडदा उघडतो तेव्हा तू मोसंबी सोलत असशील. आणि मला देणार नाहीस." लगेच चार वाक्यं सांगितली, मी पाकिटाच्या मागे उतरवून घेतली. तिसरं बदलायला हवं, असं म्हटलं तर माझ्यावर खेकसला. मीही सोडलं नाही. वहिनींनी मागून आवाज दिला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तालीम नाही. सोमवारी दाखवायचंय. तोवर खाटेचं बघतो. मंडळाची ती घडीची नको, तिचा एक पाय लचकतो.