बार जाकीट, महिना चौथा: कंबर नव्हे, आजूबाजूचं काम

मंडळी, ख्रिस्तियान दिओर यांचं १९४७ चं बार जाकीट मी घरी शिवते आहे. त्यासाठी नमुना म्हणून शिवलेलं मांजरपाटाचं तिसरं जाकीट रविवारी उसवलं आणि त्याचे तुकडे इस्त्री करून कागदावर उतरवले. आता हाच पक्का काप. यापुढे फक्त टसर.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओर यांचं पहिलं कलेक्शन १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसला, ३० अव्हेन्यू माँतेन्य इथे सादर झालं. ते त्या वर्षीच्या वसंत-उन्हाळ्यासाठी होतं. त्यातला बार सूट म्हणजे हस्तिदंती शांटुंगचं, म्हणजे गाठाळ धाग्याच्या रेशमाचं जाकीट आणि खाली काळा, चुण्यांचा, पोटरीपर्यंत येणारा लोकरी स्कर्ट. ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांच्या तोंडून ‘न्यू लुक’ हे शब्द निघाले आणि पुढे तेच नाव पडलं. खुद्द दिओर यांनी त्या आकाराला ‘कोरोल’ म्हटलं होतं. कोरोल म्हणजे आपण शाळेत जीवशास्त्रात शिकलो तो दलपुंज, फुलाच्या पाकळ्यांचा घेर. जाकिटाचा खालचा घेर नीट बघितला की हे नाव किती चपखल आहे ते कळतं. देठाजवळ बारीक आणि तिथून एकदम उमललेलं.

माझी चूक पहिल्या दोन कापांत झाली. बारीक कंबर हवी म्हणून मी कंबरच आवळत गेले. माझी मापं इंचांत छाती ३५, कंबर २९, सीट (नितंबाचा घेर) ३८. पहिलं मांजरपाट कमरेला २८ वर आणलं. बटण लावल्यावर दोन्ही बाजूंनी आडव्या सुरकुत्या पडल्या आणि श्वास घेतला की मागची शिवण ताणायची. दुसऱ्या वेळी टक्स वाढवले, तरी तेच. मग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातल्या बार सूटचे फोटो मोठे करून तासभर बघत बसले. नजर कमरेवरून काढून खाली नेली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिथे कापडाच्या आत भर आहे. नितंबावर जाकीट अंगापासून सुटून उभं आहे, वर खांदा उतरता आणि गोल आहे, आणि या दोघांच्या मध्ये कंबर आपोआप लहान वाटते.

म्हणून तिसऱ्या कापात कंबर उलट साडेएकोणतीस केली आणि सीट पॅड धरून ४१ पर्यंत नेली. आरशात फरक असा पडला की मी टेप पुन्हा लावून बघितला. माप मोठं, दिसायला लहान.

पॅडबद्दल सविस्तर लिहिते, कारण याची माहिती मला कुठेच एका जागी मिळाली नाही. तयार फोम घेऊ नका, त्याची कड इस्त्रीनंतर बाहेर उमटते. मी गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस पाव किलो आणला आणि पातळ मलमलीच्या दोन थरांत पसरला. असे पाच थर केले. सगळ्यात आतला सर्वांत मोठा, आणि त्यावरचा प्रत्येक थर चहूबाजूंनी अर्धा इंच लहान, म्हणजे कड हळूहळू विरत जाते. मग हातानं तिरके, सैल टाके घालत पाचही थर एकत्र धरले. टाके घालताना पॅड सपाट टेबलावर न ठेवता मांडीवर वाकवून धरायचा, म्हणजे गोलाई शिवणीतच बसते. एका बाजूला साधारण दोन तास लागले. हा पॅड अस्तराच्या आत, कमरेपासून एक इंच खाली टाचला आहे. आतून कमरेला ग्रोग्रेन रिबन (आडव्या रेघांची, घट्ट विणीची पट्टी) आहे, ती आधी हुकनं लावायची. जाकिटाचा भार रिबन पेलते, त्यामुळे पुढच्या बटणांवर ताण येत नाही.

खांद्यासाठी आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेले होते. त्यांची चाळीस वर्षं कोट शिवण्यात गेली आहेत.

“ताई, पॅडशिवाय कोटाचा खांदा उभा राहत नाही.”

“काका, मला उभा नकोच आहे. ओघळता हवाय.”

काकांनी फोटो बराच वेळ बघितला. मग खडूनं खांद्याची रेघ मुंढ्याच्या (बाही जोडायच्या गोलाईच्या) टोकाला अर्धा इंच खाली घेतली आणि म्हणाले, “मग मुंढापण तेवढाच खाली घ्यायचा, नाहीतर हात वर होणार नाही.” दुसऱ्या कापात माझा हात का अडकत होता ते त्या एका वाक्यात कळलं. युद्धाच्या काळातले खांदे चौकोनी, पॅड घातलेले, जवळजवळ गणवेशासारखे असायचे. दिओर यांनी ते गोल केले आणि शिवाय घेरासाठी भरपूर कापड खर्ची घातलं, तेही ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग चालू असताना. तिथलं रेशनिंग १९४९ पर्यंत सुटलं नाही. तेव्हा या घेरावर लोक चिडले असतील तर मला ते पटतं. दिओर यांच्या धंद्यात पैसा मार्सेल बूसाक यांचा होता, आणि बूसाक कापड गिरण्यांचे मालक होते, हेही विसरू नये.

टसर भंडाऱ्याकडचं आहे, साडेतीन मीटर, ४४ इंच पन्हा. शांटुंगसारख्याच गाठी धाग्यात आहेत, रंग मात्र मधाळ. मला तो हस्तिदंतीपेक्षा आवडतो. एक नुकसान झालं. डाव्या पुढच्या भागावर वाफेच्या इस्त्रीतून पाण्याचे थेंब पडले आणि वाळल्यावर कडेची रेघ राहिली. तो अख्खा भाग सारखा ओला करून सावलीत वाळवला. रेघ गेली, पण तिथली चकाकीही गेली. नवा भाग कापावा लागला, म्हणून कॉलरला कापड कमी पडलं. खालची कॉलर मधे जोड देऊन उरेब (तिरकी) कापली. तशीही ती दोन तुकड्यांतच कापतात, तेव्हा तिथे काही बिघडलं नाही. टसरला कोरडी इस्त्री, वर सुती कापड, आणि वाफ हवीच असेल तर आधी चिंधीवर बघून घ्या.

मधल्या काळात नव्या कलेक्शनचे फोटोही चाळत होते. बायकांच्या तयार कपड्यांची वसंताची कलेक्शन्स आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि कुतूरची (मापानं, हातानं शिवलेल्या उंची कपड्यांची) जानेवारीत दाखवतात, त्यामुळे आपल्या थंडीत यांचा वसंत सुरू होतो. या जाकिटाकडे दिओरचा प्रत्येक नवा डिझायनर वळतो. राफ सिमन्स यांनी २०१२ मध्ये ते पँटवर दाखवलं. जोनाथन अँडरसन यांनी जून २०२५ मध्ये पुरुषांच्या वसंत २०२६ कलेक्शनमध्ये आयरिश डोनेगल ट्वीडमध्ये केलं, आणि मला ते फार आवडलं. जाड, खरखरीत कापड आणि तरीही कमरेचा तोच बाक. मारिया ग्राझिया क्युरी यांनी मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा कमानीवर मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट या भरतकामाच्या शाळेच्या कारागिरांनी भरलेलं भव्य तोरण होतं. त्याचे जवळून घेतलेले फोटो मी अजून जपून ठेवलेत. भरतकामाचं पुढे कधीतरी.

जाकीट १२ फेब्रुवारीला अंगावर यावं असं ठरवलं होतं, ते हुकलं. पुढचे दोन्ही भाग, पाठ आणि घेर कच्च्या टाक्यांवर जोडून झालेत. पॅड आत बसलेत. बाह्या बाकी आहेत, त्या मी मशीनवर नाही, हातानंच बसवणार. त्याच टसरनं मढवलेली बटणं तयार आहेत. अडलंय ते काजांपाशी. दोऱ्याची काजं या कापडावर विसविशीत दिसतात, म्हणून कापडाच्या पट्टीची करायची आहेत. चिंधीवर चार करून बघितली, चारही वेळा कोपऱ्यात धागे सुटले. टसरवर कुणी केली असतील तर मागून काय लावलं, ऑर्गंझा की पातळ फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं कापड), तेवढं कळवा. बाह्या लागेपर्यंत मी काजांना कात्री लावत नाही.