खिडकीतला फोन आणि पासष्ट किलो

आमच्या गावच्या घरात मोबाईलला रेंज एकाच जागी येते, माजघराच्या खिडकीत, आणि तीही एकाच कंपनीची, आणि त्या कंपनीचं सिम अख्ख्या खानदानात फक्त माझ्याकडे. त्यामुळे चतुर्थीला कुडाळला उतरून घरी पोचलं की बॅग ठेवायच्या आधी माझा फोन त्या खिडकीत ठेवला जातो, चार्जर लावून, खाली पुठ्ठा घालून, त्याचा हॉटस्पॉट चालू करून, म्हणजे त्याचं नेट सगळ्या घराला वाटून, आणि मग विसर्जनापर्यंत तो फोन माझा नसतो. विहिरीवर पंप बसवावा तसा तो तिथे बसतो.

यंदा घरात चौदा माणसं होती. फोन किती ते मोजलेच नाहीत कारण पोरांकडे माणशी दीड असतो. पहिला प्रश्न आला पासवर्डचा. आता माझ्या हॉटस्पॉटचा पासवर्ड मी जानेवारीत कधीतरी जोशात येऊन ठेवला होता, पासष्टकिलोदिवाळी, म्हणजे दिवाळीपर्यंत पासष्ट किलो व्हायचंय ही स्वतःलाच आठवण, रोज लॅपटॉप जोडताना टाईप होईल आणि लाज वाटेल अशी आयडिया. कमीत कमी आठ अक्षरं लागतात, ती भरली, बाकी विचार केला नव्हता. आणि आता वहिनी उकडीचे मोदक वळता वळता स्वयंपाकघरातून ओरडतेय, "अगं पासवर्ड सांग ना", आणि मी माजघरातून ओरडतेय, "पासष्ट आकड्यात, पुढे किलो, पुढे दिवाळी, सगळं स्मॉल". एक क्षण शांतता. मग आत्या म्हणाली, "आत्ता किती आहे?"

बदलता आला असता म्हणा. पण तोवर सहा जण जोडले गेले होते आणि भाच्याने सेटिंगमधला क्यूआर कोड काढून बाकीच्यांपुढे धरायला सुरुवात केली होती. तो क्यूआर प्रकार म्हणजे विरजणासारखा आहे, मी एकाला दिलं की तो पुढच्याला देतो, मला विचारायला कोणी येत नाही, आणि बऱ्याच ॲन्ड्रॉईडवर त्या चौकटीखाली पासवर्ड चक्क अक्षरात लिहिलेला असतो. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या पोरांना माझं टार्गेट वेट पाठ होतं.

त्यात चूक माझीच. काकू म्हणाली स्वयंपाकघरात येत नाही, कारण आमच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड, आणि फोन होता पाच गिगाहर्ट्झवर, ती लहर वेगवान असते पण भिंतीपुढे मान टाकते. मी शहाणपणाने दोन पॉईंट चार करून दिलं. स्वयंपाकघरात आलं. मागच्या पडवीत आलं. खळ्यातही आलं, आणि खळ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ओळीने बसायला शेजारची पोरं आली, तारेवर चिमण्या बसाव्यात तशी, प्रत्येकाची मान खाली.

माझा फोन दहाच डिव्हाइस घेतो. त्यामुळे अकरावा आला की बाहेरच थांबतो आणि मग घरातल्या कोणाचा तरी आवाज, "माझं का कनेक्ट होत नाही?" मग मी खिडकीपाशी जाऊन ती कनेक्टेड डिव्हाइसची यादी उघडून बघायचे. ही यादी म्हणजे एकदम मस्त वाचन आहे खरं तर. काही नुसते मॉडेल नंबर, काही रेडमी, काही गॅलॅक्सी, एकाला नावच नाही, आणि एक 'टायगर'. टायगर? आमच्याकडे टायगर नावाचा कुत्रा पण नाही. भाचा म्हणाला तो गडग्यावरचा लाल टीशर्ट असणार, बघ कसा बसलाय. नावापुढे ब्लॉक लिहिलेलं होतं, एका बोटाचं काम, केलं. फार बरं वाटलं, सुरक्षितता वगैरे म्हणतात ती हीच, असंही वाटून गेलं.

तेव्हा ओटीवर आरती चालू होती. टायगर म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचे नानाकाका, हे मला कसं कळणार? त्यांचा फोन नातवाचा जुना, नाव नातवाने ठेवलेलं, काकांना फोनला नाव असतं हेच माहीत नाही, आणि ते दुबईतल्या लेकीला व्हिडिओ कॉलवर गणपती दाखवत होते. 'घालीन लोटांगण' यायच्या आत लेक गायब. काका फोन उलटासुलटा करत राहिले, मग खिशात ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागले. जेवताना एवढंच म्हणाले, "काय गो, रेंज गेली वाटता." मी म्हटलं हो काका, हवा खराब आहे. रात्री सगळे झोपल्यावर चोरासारखी उठून ब्लॉक काढला. लाल टीशर्टला नंतरही ब्लॉक केला नाही. त्याची आजी आमच्याकडे केळीची पानं आणून देते, काय करणार. भीड भिकेची बहीण म्हणतात ते ठीक, पण पानं कोण आणणार.

डेटा रोजचा दोन जीबी, तो दुपारी अडीचला संपायचा. एक दिवस सकाळी नऊलाच संपला. गुन्हेगार भावोजींचा लॅपटॉप, तो उघडल्या उघडल्या विंडोज अपडेट घ्यायला बसला, त्याला वायफाय दिसलं की फुकटचं वाटतं, हे मोजून मिळणारं आहे असं मीटर्ड कनेक्शनचं बटण दाबून हाताने सांगावं लागतं. भावोजींना कोण सांगणार? जावई आहेत. मी त्यांचा चहा आणला आणि ट्रे ठेवता ठेवता दाबून टाकलं.

धाकटा भाचा, आठवीतला, हळूच विचारून गेला की आत्या, आम्ही काय बघतो ते तुला दिसतं का. खरं उत्तर असं की नाही दिसत, मला नुसती नावं दिसतात. उलट बाहेरच्या जगाला ही दहाही माणसं म्हणजे मीच दिसते, एकच सिम, एकच नंबर, म्हणजे कोणी काही दिवे लावले तर विचारायला माझ्याकडे येतील. पण मी त्याला फक्त "हम्म" म्हटलं. त्यानंतर दोन दिवस तो ओळीने तबल्याचे व्हिडिओ बघत होता, आवाज मोठा करून.

मी मात्र इतरांची यादी बघत बसले आणि माझंच सगळं उघड्यावर होतं, कारण फोन खिडकीत, तोंड वर करून, आणि येणारा जाणारा पाणी प्यायला तिथूनच जातो. आत्या तांब्या हातात घेऊन म्हणाली, "तुझी उद्या दाताच्या डॉक्टरची वेळ आहे, कॅन्सल केलीस का? आणि तो निळा कुर्ता स्वस्त झालाय." लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर लपवायची सेटिंग असते, ती मी चौथ्या दिवशी केली, तोवर बँकेचा शिल्लक रकमेचा मेसेज येऊन गेलेला.

त्याच दिवशी पोरांनी टूम काढली की हॉटस्पॉटचं नाव 'गणपती बाप्पा मोरया' ठेवायचं. फोन घेईना. त्या नावाला जागा बत्तीस बाईटची, इंग्रजी अक्षराला एक लागतो, आपल्या प्रत्येक अक्षराला, काना मात्रा वेलांटीलासुद्धा, तीन. नुसतं 'गणपती बाप्पा' टाकलं तरी शेवटचा काना बाहेर राहतो, करून बघा. शेवटी 'मोरया' ठेवलं. नाव बदलल्यामुळे सगळे तुटले, परत जोडायला लागले, आणि मधल्या काळात मी मन घट्ट करून ब्लॉक केलेले दोन अनोळखी पण परत आत आले, कारण हल्लीचे फोन प्रत्येक नावाच्या नेटवर्कला आपला वेगळाच बनावट पत्ता देतात, म्हणजे माझ्या फोनला ते नवीन पाहुणे. ही सोय त्यांच्या प्रायव्हसीसाठी आहे म्हणे. बरं.

विसर्जन झालं, फोन खिडकीतून काढला, पुण्याला येताना बसमध्येच पासवर्ड बदलला. नवीन सांगत नाही.

आठवड्याने नानाकाकांचा डोंबिवलीहून फोन. "अगो, तुझा ता पासष्ट किलो हय लागणा नाय." म्हटलं, काका, ते फक्त माझ्या फोनपाशी चालतं, जवळ असलं तरच. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"मगे येवन जा मा."