हिशोबातली अकरा मिनिटं

सव्वासहाला दोन मिनिटं कमी असली की आमच्या ऑफिसात एक निराळीच शांतता पसरते. फायलींच्या नाड्या बांधून झालेल्या असतात, कपाटांच्या किल्ल्या फिरवून झालेल्या असतात आणि सगळी मंडळी थंबच्या यंत्राभोवती 'आपलं सहजच उभे आहोत' असा चेहरा करून घोटाळत असतात. मीही त्यांच्यातच असतो. फक्त एखाद्या दिवशी माझ्या पायात चपलांऐवजी बूट असतात आणि काखेतल्या पिशवीत पाण्याची बाटली, टॉर्च नि एक जुना पंचा असतो. आमच्या शिपाईभाऊंच्या नजरेतून बूट सुटत नाहीत.

"आज डोंगर का, भाऊसाहेब?"

डोंगर म्हणजे कनकेश्वर, माथ्यावर देऊळ असलेला. अलिबागहून रेवसच्या अंगाला बारा-तेरा किलोमीटर. चोंढी मागे टाकली की मापगाव, आणि मापगावातून थेट वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. राघोजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेदास यांनी १७६४ साली त्या बांधून घेतल्या. पायऱ्या किती, तर सातशेच्या घरात. मी तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा निराळा आला. शेवटी दमलेल्या माणसाने मोजू नये असं ठरवून तो विषय बंद केला.

शनिवार-रविवार मोकळे असताना ऑफिस सुटल्यावर धापा टाकत कशाला जायचं, असं घरचे विचारतात. सुट्टीच्या दिवशी गेलोय ना. सुट्टीचा डोंगर म्हणजे कार्यक्रम. पोह्यांचा डबा, पाहुणे, कोणाच्या तरी गुडघ्यांची काळजी आणि खाली आल्यावर ग्रुप फोटो. मंगळवारचा डोंगर आपल्याला कोणी दिलेला नसतो. तो खिशातून सुटलेल्या नोटेसारखा अचानक सापडतो, आणि अशा नोटेचा आनंद पगारापेक्षा जास्त असतो हे कोणत्याही सरकारी नोकराला विचारा.

आता ही नोट येते कुठून, ते सांगतो. पेशाने मी आकडेमोडीचाच माणूस.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मिळाला म्हणून पेढे वाटले गेले. त्या आनंदात पावणेसहाची सुटी सव्वासहावर गेली, इकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. संध्याकाळचा अर्धा तास वजा. आणि संध्याकाळचा अर्धा तास हा सकाळच्या अर्ध्या तासासारखा नसतो. सकाळचा गेला तर अंघोळ घाईत होते, संध्याकाळचा गेला तर सूर्यच जातो.

पण दुसऱ्या रकान्यात जमाही आहे. आपल्या घड्याळातली वेळ आपली नाहीच, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची. १९०६ साली ती देशभर लागू झाली, तेव्हा मुंबईने नाक मुरडलं आणि आपली जुनी 'मुंबई टाइम' पुढे कितीतरी वर्षं चालवली. ही जुनी वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. अलिबाग मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, म्हणजे आमचा सूर्य आजही त्याच जुन्या वेळेने चालतो. घड्याळ सात म्हणतं तेव्हा त्याच्या लेखी सहा वाजून एकवीस मिनिटंच झालेली असतात. मिर्झापूरच्या कृपेने आम्हाला संध्याकाळी एकोणचाळीस मिनिटं वाढून मिळतात. त्यातली तीस सरकारने घेतली. उरली नऊ.

या नऊ मिनिटांच्या जोरावर मी डोंगर चढतो. तोही फक्त उन्हाळ्यात. डिसेंबरात सहालाच सूर्य बुडतो, तेव्हा मी टेबलावर जावक नोंदवहीत टपाल चढवत असतो. मे उजाडला की तो सातच्या पुढे रेंगाळायला लागतो आणि माझे बूट बाहेर निघतात. पुढे जून लागतो, पायऱ्यांवर शेवाळ चढतं आणि बूट परत माळ्यावर जातात. सगळा हंगाम पाच-सहा आठवड्यांचा.

गेल्या मेच्या शेवटच्या आठवड्यात असाच निघालो. सहा चाळीसला मापगावात स्कूटर लावली. पहिल्या शंभर पायऱ्या मी नेहमी फार जोरात चढतो आणि नंतर त्याचा पश्चात्ताप करतो. दिवसभर तापलेला दगड खालून ऊन सोडत होता, वारा नावाला नव्हता, पाठीवर शर्ट चिकटला होता. नागोबाच्या टप्प्यापाशी वरून एक आजीबाई येत होत्या. डोक्यावर लाकडाची मोळी, हातात पळसाच्या पानांचा द्रोण आणि द्रोणात करवंदं. वयाने माझ्या आईएवढ्या असतील, श्वास मात्र माझ्यापेक्षा शांत. मी थांबलेला बघून त्याही थांबल्या, मोळी न उतरवताच.

"इतक्या उशिरा वर कशाला चाललास? लवकर उतर रं बाला, कालोख परल."

एकावन्नाव्या वर्षी मला बाळ म्हणणारं माणूस फार दिवसांनी भेटलं. वीस रुपये देऊन द्रोण घेतला. वर 'अंगठ्याने दाबून बघ नि मगच तोंडात टाक, काही कच्ची हायती' अशी सूचना मिळाली. मी दाबून बघत, खात, चढत राहिलो. पिकलेलं करवंद आतून लालभडक, गोडाच्या मागोमाग आंबट. कच्च्याचा पांढरा चीक बोटाला लागला की लागला. पंचाला पुसला तर पंचाही बोटाला चिकटायला लागला.

गायमांडीच्या टप्प्यापाशी पोचलो तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. देऊळ अजून वर होतं. आता पळून उपयोग नव्हता, म्हणून पायरीवर बसलो आणि मागे वळलो. झाडोऱ्याच्या वर समुद्र उभा राहिल्यासारखा दिसत होता. थळसमोर खांदेरी आणि उंदेरी, दोन काळे ठिपके. मुंबईच्या बंदरात शिरायची वाट बघणारी जहाजं नांगरून पडलेली. मेमध्ये क्षितिजावर बहुधा मळभ असतं आणि सूर्य पाण्याला टेकण्याआधीच त्यात विरघळून जातो. त्या दिवशी मात्र रेषा स्वच्छ होती.

लेक आणि तिची आई अलिबागच्या किनाऱ्यावर होत्या. लेकीला सकाळीच सांगून ठेवलं होतं की सूर्य बुडाला की त्याच क्षणी फोन कर. बापाच्या अशा फर्माइशींची तिला सवय आहे.

फोन आला. "बाबा, गेला. पूर्ण गेला."

माझ्यासमोर सूर्याची तांबडी कड पाण्यावर अजून शाबूत होती.

"माझा आहे अजून," मी म्हटलं.

"काहीतरीच!" मग फोनवरच आईला, "अगं, बाबांचा अजून आहे म्हणे."

उंचावर चढलं की क्षितिज खाली आणि लांब सरकतं, म्हणून सूर्य आपल्यापुरता जरा उशिरा मावळतो. पुस्तकात हे वाचलेलं होतं. फोनच्या एका टोकाला बुडालेला सूर्य दुसऱ्या टोकाला शिल्लक आहे हे बघणं निराळं. लेकीने तिकडून मोबाइलवर वेळ लावली. कड बारीक होत नखाएवढी झाली, मग नखाच्या कोरेएवढी, मग नुसती लाल रेघ, आणि रेघही तुटली. दोन मिनिटं आणि काही सेकंद. सेकंद मी सोडून दिले. नऊ अधिक दोन, अकरा.

देवळात गेलो तेव्हा दिवे लागले होते. पुष्करणीवर पाय धुतले, गाभाऱ्यात उतरून हात जोडले आणि लगेच परत फिरलो, कारण फुरशी, म्हणजे इथले छोटे विषारी साप. कोकणातला माणूस वाघाला नसेल इतका फुरशाला भितो, आणि रात्रीच्या दगडी पायऱ्या ही त्याला बसायला आवडणारी जागा. टॉर्चचा उजेड एकेका पायरीवर टाकत, काठी आपटत उतरलो. लांबवर खांदेरीचं दीपगृह मधूनच डोळा उघडत होतं. उजव्या हाताला उत्तरेकडे मुंबईचा उजेड ढगांना खालून लागला होता. चढताना जे गुडघे गप्प होते ते उतरताना प्रत्येक पायरीला बोलले. स्कूटरपाशी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, आणि घरी जेवणावर झाकण ठेवून दोघी माझ्याआधीच जेवलेल्या होत्या.

सकाळी पावणेदहाच्या हजेरीसाठी नऊ चव्वेचाळीसला ऑफिसात यंत्रावर अंगठा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' पुसून ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' बघतो तर अंगठ्यावर करवंदाचा चीक वाळून काळा पडलेला. रात्री साबण लावून गेला नव्हता. मागे रांग वाढत होती. शिपाईभाऊंनी शांतपणे देवाच्या दिव्यासाठी ठेवलेली तेलाची बाटली आणून दिली.

"घासा, भाऊसाहेब."

घासून, धुऊन, कोरडा करून चौथ्या खेपेला यंत्राने अंगठा ओळखला. पडद्यावर वेळ उमटली, नऊ सत्तेचाळीस.