मुरघासाचा खड्डा आणि आमचा भांडुपचा हॉल

गेल्या रविवारी दादाने गावाहून फोटो टाकला. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत मुरघासाच्या (हिरव्या मक्याची कुट्टी दाबून, हवाबंद करून आंबवलेला चारा) खड्ड्यासाठी फक्की मारून आखलेला चौकोन आणि खाली मेसेज, "२० बाय ४०, ५ फूट खोल, मंगळवारी जेसीबी येतोय." आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे भांडुपला आलेत, त्यांना मोबाईलवरचं काही दिसेना म्हणून मी वाचून दाखवलं तर म्हणाले, "तुझा हा हॉल केवढाय रे?" १० बाय १५. "म्हणजे असले पाच हॉल मावतील की त्यात!"

आता मी बीकेसीत अकाउंट्सला, शेणाला हात लावून वीस वर्षं झाली असतील, पण आकडे दिसले की राहवत नाही. लगेच वीजबिलाच्या पाठीमागे मांडलं. दुभत्या गाई ८, प्रत्येकीला दिवसाला २० किलो मुरघास म्हणजे १६०, आणि भाकड नि कालवडी मिळून ४० धरले, झाले २०० किलो. पावसाळ्यात हिरवं असतं, म्हणून आठ महिने, २४० दिवस. ४८ टन. वरचा थर, कडा, तोंडाशी सुकलेलं असं १५ टक्के तरी वाया जाणार हे धरून चला, मग साडेछप्पन्न टनांच्या आसपास भरायला लागतं. नीट दाबलेला मुरघास एका घनफुटात १६ किलोच्या आसपास बसतो (दाबायला कंटाळा केला तर बाराच बसेल आणि बाकीची हवा), म्हणजे साधारण ३,५०० घनफूट.

दादाचा खड्डा ४,००० घनफूट. बसतोय की! मी फोन लावणारच होतो, तर आबा म्हणाले, "बसतोय रे, पण तोंड केवढं ठेवलंय ते बघ."

खरं गणित इथेच आहे आणि बहुतेक जण इथेच गंडतात, मीही गंडलो होतो. खड्डा एकदा उघडला की समोरची जी भिंत हवेला लागते तिच्यावरून रोज किमान अर्धा फूट तरी माल काढायला लागतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, नाहीतर हवा आत शिरते, माल तापतो, बुरशी धरते. दादाचं तोंड २० फूट रुंद गुणिले ५ फूट उंच म्हणजे १०० चौरस फूट. रोजचे २०० किलो म्हणजे साडेबारा घनफूट. भागा. रोज दीड इंच! दीड इंच काढून पुढचा माल ताजा राहतोय होय.

आणि हे आमच्याकडे होऊन गेलंय. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा असाच रुंद खड्डा होता. ताडपत्री बाजूला केली, हात घातला तर आतून अंघोळीच्या पाण्यासारखं गरम, आणि त्या छान आंबूस-गोड वासाच्या जागी कुबट, वर पांढरी-हिरवी जाळी. गाईंनी नुसतं हुंगून तोंड फिरवलं. वहिनी तेव्हा काही बोलली नाही, पाटी उचलली आणि उकिरड्यावर ओतून आली. दादाने दोष मुरघास आंबायला मिसळतात त्या कल्चरच्या पुडीला दिला.

मग आम्ही उलटं मोजायला बसलो. साडेबारा घनफूट, रोज अर्धा फूट, म्हणजे तोंड २५ चौरस फुटांच्या आत हवं. ६ फूट रुंद, ४ फूट खोल. हॉलच्या लाद्या दोन बाय दोनच्या आहेत, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणून आबा सोफ्यावरून काठीने दाखवत होते आणि मी टेप घेऊन खाली, बायको दारातून बघतेय की हे काय चाललंय. सहा लाद्या. बस, एवढंच तोंड! पण मग लांबी येते जवळजवळ दीडशे फूट, म्हणून ५० फुटांचे तीन खड्डे. प्रत्येकात १९ टन. एकरी मका १५ ते २० टन निघतो, म्हणजे एक एकर कापला, कुट्टी केली, दोन दिवसांत एक खड्डा भरून बंद. महिनाभर उघडा ठेवून रडतखडत भरण्यापेक्षा हे केव्हाही बरं, शिवाय एक चालू असताना दुसरे दोन सीलबंद.

दादाला फोन केला तर आधी चिडला, "तुला एसीत बसून काय जातंय, जेसीबी तासाच्या भाड्यावर आहे, आणि ६ फुटात माझा ट्रॅक्टर फिरणार कसा?" ट्रॅक्टरचं त्याचं खरंच होतं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दर सहा-आठ इंचाच्या थराला दाबायला लागतं, नुसतं पायाने तुडवून १९ टन दबत नाही. शेवटी त्यानेच काढलं की शेजारच्यांचा द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर आत जाईल. (दोन-चारच गाई असतील तर खड्ड्याच्या नादाला लागूच नका, अर्ध्या टनाच्या बॅगा भरा, एक उघडली की ती आठ-दहा दिवसांत संपली पाहिजे एवढंच.)

मंगळवारी मी लोकलमध्ये घाटकोपरच्या पुढे उभ्यानेच लटकत होतो तेव्हा फोटो आला, तीन लांब चर एकामागे एक, लोकलचे डबे असावेत तसे. आबांना संध्याकाळी दाखवला. चांगल्या डोळ्याजवळ मोबाईल धरून बराच वेळ बघत बसले.

"उतार कुठल्या बाजूला दिलाय विचार त्याला," म्हणाले. "पाणी साठलं तर तिन्ही गेले."