लाल रंग आयत्या वेळचा

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेतून जाणारा कँकामॅगस हायवे लिंकन ते कॉनवे असा साधारण ५५ किलोमीटरचा. एरवी तासाभराची वाट, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पानगळीआधीचे रंग झाडांवर चढलेले असताना, तासाभरात कोण पार करणार? आम्हीही स्विफ्ट नदीच्या काठाने रेंगाळतच गेलो.

लांबून सगळा डोंगर एकदमच पेटल्यासारखा दिसतो. जवळ गेलं की झाडं वेगवेगळी ओळखू येतात. बर्च आणि अ‍ॅस्पेन निव्वळ पिवळे. रेड मॅपल लालबुंद. शुगर मॅपलच्या तर एकाच फांदीवर पिवळा, केशरी, लाल असं सगळं!

यातला पिवळा नवा नाही. कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं उन्हाळाभर पानात असतातच, फक्त हरितद्रव्य त्यांना झाकून टाकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हिरव्या पानांचा अर्क खडूच्या भुकटीतून झिरपू दिला, तेव्हा हिरव्यातून पिवळे पट्टे वेगळे झाले. झाडाला मात्र खडू लागत नाही. दिवस लहान होऊ लागले की ते पानातली प्रथिनं मोडून नायट्रोजन फांद्याखोडांत परत ओढून घेतं. हरितद्रव्यही मोडतं आणि पिवळा उघडा पडतो.

लालची गोष्ट निराळी, आणि मला तीच जास्त आवडते. नदीकाठच्या एका पायवाटेवर रेड मॅपलच्या खालच्या फांदीवर दोन पानं एकमेकांवर टेकली होती. वरचं जरा बाजूला केलं, तर खालच्या गडद लाल पानावर त्याचा ठसा होता: लख्ख पिवळा, कडेच्या दात्यांसकट. जिथे ऊन पोचलं तिथे लाल, जिथे सावली राहिली तिथे पिवळा. कारण अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य झाड या दिवसांत नव्याने बनवतं, पानात साठलेल्या साखरेपासून, आणि त्यासाठी उजेड लागतो. म्हणूनच ऊन असलेले दिवस आणि गारठा असलेल्या, पण हिमकडाका नसलेल्या रात्री सलग मिळाल्या की लाली चढते. ढगाळ, उबदार दिवसांत ती फिकी राहते.

गळायला निघालेल्या पानावर झाड एवढा खर्च का करतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काहींच्या मते हा किडींना दिलेला इशारा. दुसरा तर्क असा, की हरितद्रव्याची यंत्रणा मोडत असताना प्रखर उन्हाने पेशी करपू नयेत आणि नायट्रोजन सुखरूप परत मिळावा, म्हणून अँथोसायनिन पडद्यासारखं काम करतं. तो ठसा पाहिल्यापासून मला हेच पटतं: सावलीतल्या भागाला पडद्याची गरजच नव्हती.

कॉनवेकडे उतरताना ओक अजून बरेचसे हिरवे होते. त्यांची पाळी उशिरा येते, आणि बाकीचे रंग ओसरल्यावर त्यांच्यात टॅनिन या तुरट द्रव्याचा तपकिरी उरतो. तो पाहायचा तर महिनाअखेरीस यायला हवं.