'गाल्गो'ची व्युत्पत्ती आणि अडून राहिलेला तिसरा खंड

स्पेनमधील एका विद्यापीठात शिकताना मी 'गाल्गो' या शब्दाच्या व्युत्पत्तीवर टिपण लिहायला घेतले. गाल्गो म्हणजे मोकळ्या रानात सशामागे सुसाट धावणारा, निमुळत्या तोंडाचा, पोट खपाटीला गेलेला शिकारी कुत्रा. सेर्व्हान्तेसच्या १६०५ सालच्या 'दोन किहोते' या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात तो आहे. स्पॅनिश अकादमीच्या कोशात एका ओळीत उत्तर मिळाले: लॅटिन 'कानिस गाल्लिकुस', म्हणजे गॉल प्रदेशातला (साधारण आजच्या फ्रान्समधला) कुत्रा. 'कानिस' गळून पडले आणि विशेषणाचेच नाम झाले. मात्र टिपणाला कोरोमिनास आणि पास्कुआल यांच्या व्युत्पत्तिकोशाचा आधार आवश्यक होता आणि माझे घोडे तिथेच अडले.

हा कोश सहा खंडांचा आहे. ग्रंथालयात पाच खंड ओळीने उभे होते. 'गाल्गो' ज्यात येतो तो तिसरा तेवढा बांधणीला गेलेला. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायचा तर अर्ज भरा, असे खिडकीवर सांगण्यात आले. अर्जावर विभागाचा शिक्का हवा आणि ते कार्यालय फक्त सकाळी उघडे, त्यामुळे तास बुडवून शिक्का आणला. तो अर्ज हातात घेतल्यावर मग त्याच खिडकीवरून कळले की संदर्भग्रंथ बाहेरगावी पाठवतच नाहीत. अर्जाचा कागद देतानाच हे सांगता आले असते आणि त्याचा संताप अजूनही मनातून गेलेला नाही. अशा वेळी खंड मागूच नये, हव्या त्या नोंदीच्या पानांची स्कॅन प्रत मागावी. मला ती विनासायास मिळाली.

त्या खोळंब्यात ध्वनिबदल मात्र नीट तपासता आले. लॅटिन 'आमिकुस'चा 'आमिगो' होतो, तसाच इथेही दोन स्वरांमधला 'क' मृदू होऊन 'ग' झाला. मग आघात नसलेला 'इ' लोपला, जसा 'देलिकातुस'पासून 'देल्गादो' होताना लोपतो. खरी अडचण 'ल्ल'ची होती, कारण 'काबाल्लुस'चा 'काबायो' होतो आणि इथे तसा 'य' नाही. याचे कारण असे की 'इ' गेल्यावर 'ल्ल' थेट 'ग'ला भिडला आणि व्यंजनाशेजारी त्याचा साधा 'ल' उरला. हे जुळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आणखी एक सांगायचे राहिले: रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या लॅटिन काव्याचा पहिला भाग अवश्य पाहावा. अपोलो देव दाफ्ने या अप्सरेचा पाठलाग करतो तिथे उघड्या शेतात ससा दिसलेल्या गॉलच्या कुत्र्याची उपमा आहे, आणि कुत्र्यासाठी वापरलेले विशेषण 'गाल्लिकुस' हेच आहे.