शहामृगाचं पाकीट आणि सोलापूरचं ऊन

आज दिवसभर टेबलावर शहामृगाचं कातडं. त्यावरचे फोड म्हणजे पिसं उपटलेल्या जागा. ते पाठीच्या मधल्या पट्ट्यातच दाट असतात, म्हणून तो भाग दर्शनी बाजूला आणि सपाट भाग आतल्या कप्प्यांना.

खरी गोची शिलाईच्या रेषेवर होते. फोडावर आरी (भोकं पाडायची टोचणी) टेकवली की घसरते, टाका तिरका जातो. म्हणून कागदी नमुना कातड्यावर सरकवून बघायचा. कडेपासून ५ मिमीपर्यंत मोठा फोड नको. चुकवता आलाच नाही तर मागून रापीनं (चामडं तासायच्या सुरीनं) तासायचा, पण बेतानं. तिथं कातडं आधीच पातळ असतं, भोक पडलं की तुकडा वाया. आणि हा माल काय स्वस्त नाही!

५०० ची नोट १५० बाय ६६ मिमी, त्यामुळं मिटलेलं पाकीट साधारण ११० बाय ९०. अस्तराला ०.६ मिमीचं बकरीचं चामडं. बाहेरचा तुकडा अस्तरापेक्षा ३-४ मिमी लांब ठेवायचा आणि अर्धवट मिटलेल्या अवस्थेतच चिकटवायचा, नाहीतर घडीवर अस्तराला सुरकुत्या पडतात.

आपल्याकडं उन्हाळ्यात चिकटवायचं सोल्युशन ब्रश फिरवेपर्यंत वाळतं. छोटा भाग घ्या, पंखा बंद. घाम सहन करायचा.

अजगर, घोरपडीचं कातडं मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

कडा उद्या घासायच्या, आधी ४०० चा सँडपेपर, मग ८०० चा.